पडद्याची पाठ

गनीभाईंनी नमुन्याचा तो तुकडा दोन बोटांत चुरगळला, दारातल्या उजेडाकडे धरून पाहिला, नाकाशी नेऊन हुंगला आणि काउंटरवर परत टाकला. हे कापडच नव्हे, जेवणाच्या टेबलावर घालायचं मेणकापड आहे, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. निकाल कुणी मागितला नव्हता. ते सावेडीतल्या या दुकानात मुलाचा, हारिसचा, डबा पोचवायला आले होते, आणि डबा पोचून अर्धा तास उलटला होता.

हारिस प्रोजेक्टर, स्पीकर, पडदे असं घरगुती थिएटरचं सामान विकतो आणि बसवूनही देतो. समोर अमृत बसला होता, श्रीरामपूरजवळच्या एका दूध संकलन केंद्राचा मालक. प्रोजेक्टर त्याने केव्हाच पसंत केला होता, घोडं अडलं होतं ते पडद्यापाशी. त्याला चंदेरी, चकचकीत पडदा हवा होता. हारिस समजावत होता, की चंदेरी पडदा समोर बसणाऱ्याला झगझगीत दिसतो, पण कडेला बसलेल्याला फिका पडतो. करडा घ्यावा तो दिवसाचा उजेड आत येत असेल तर. तुमच्याकडे माणसं भिंतींना टेकून चहूकडे बसणार, तेव्हा साधा पांढराच बरा, उजेड आरपार जाऊ नये म्हणून मागून काळा थर दिलेला. हॉलला मोकळी भिंत नव्हती. एकीकडे मोठी खिडकी, दुसरीकडे शोकेस. म्हणून पडदा हॉल आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या रुंद कमानीत सोडायचा ठरला. सगळं पटलं, पण पडदा पुण्याहून यायला महिना लागणार होता, आणि अमृतच्या वडिलांचं वर्षश्राद्ध नऊ दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी वडिलांच्या पंचाहत्तरीचं शूटिंग साऱ्या भावकीला मोठं करून दाखवायचं, असा त्याचा बेत होता.

"तवर मी शिवून देतो की पडदा," गनीभाई म्हणाले.

हारिसने कपाळाला हात लावला नाही एवढंच. पण अमृतला ती कल्पना आवडली, आणि गिऱ्हाइकापुढे बापाला नाही म्हणायचं धाडस हारिसमध्ये नव्हतं.

गनीभाईंच्या उमेदीची वीस वर्षं सिनेमाच्या तंबूत गेली होती. राहुरीपासून पाथर्डीपर्यंत ज्या गावची जत्रा त्या गावी तंबू, आणि तंबूचं फाटकं-तुटकं शिवायचं ते गनी टेलरने. पडदाही तोच शिवायचा. तंबू मोडला, तेव्हापासून ते भिंगारच्या बाजारात एक मशीन टाकून बसले. फौजींच्या पँटी आखूड करायच्या, छातीवर नावाच्या पट्ट्या लावायच्या. काम वाईट नव्हतं, पण वीतभर पट्टीत जीव रमावा असा हा माणूस नव्हता. दर दहा मिनिटांनी मशीन सोडून रस्त्यावर येऊन उभे राहायचे. आता अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी नऊ फूट बाय पाच फुटांचं काम दिलं होतं, आणि ते काम त्या घरात टिकावं, कंपनीच्या मालाची गरजच पडू नये, एवढी एकच आस त्यांना लागून राहिली.

त्यांनी कापडबाजार पालथा घातला. पडद्याला मधे शिवण चालत नाही. नेमकी माणसाच्या नाकावर येते. मोठ्या पन्ह्याचं कापड चौथ्या दुकानात मिळालं. घरी आणून ते दोनदा धुतलं, खळ काढली, सावलीत वाळवलं, आणि त्याखालून मुबारकबीला, म्हणजे बायकोला, वाकूनसुद्धा जाऊ दिलं नाही. घरात लग्न निघालंय की काय, असं तिने विचारलं. ते हसले नाहीत. रात्री उठून कापड चाचपायचे आणि परत पडायचे.

हारिसने रोज एकच बजावलं होतं. "अब्बा, पीछे काला कपडा लगाना, भूलना नक्को."

ते विसरले नाहीत. काळं कापड आणलं, मापाने कापलं, पांढऱ्याच्या मागे धरून पाहिलं. आणि हात चालेना. तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढे बाप्ये बसायचे, मागे अर्ध्या तिकिटात बाया आणि पोरं. मागून सगळं उलटं दिसायचं, पाट्यांवरची अक्षरंही उलटी, पण कुणी कधी तक्रार केली नव्हती. मागच्यांना नीट दिसावं म्हणून तर गनी टेलर कापड निवडताना एवढी चिकित्सा करायचा. पडद्याची मागची बाजू बुजवायची, म्हणजे घर बांधून मागचं दार विटांनी लिंपायचं, असं त्यांना वाटलं. कापड आधीच घट्ट विणीचं आहे, काही बिघडत नाही, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी काळं कापड बाजूला ठेवून दिलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं उरकली आणि दुपारीच खिडक्यांचे पडदे ओढून हॉलमध्ये अंधार केला. पडदा कमानीत ताणताना हारिसने मागे हात घालून चाचपलं, बापाकडे एकदा पाहिलं, आणि भावकी समोर बसलेली बघून दोऱ्या तशाच आवळल्या. मधल्या सोफ्यावर अमृतचे थोरले चुलते, आबा, काठी धरून बसले होते.

चित्र उमटलं तसे गनीभाई सवयीने मागे गेले. जेवणाच्या खोलीत बायका भांडी आवरत होत्या. कापडातून चित्र इकडे झिरपलं होतं, फिकं पण स्वच्छ. अमृतची आई, छबूबाई, हातात पाण्याची चरवी घेऊन जागच्या जागी थांबली होती. आबा तिचे थोरले दीर. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, त्यांच्यासमोर ती कधी बसली नव्हती, आणि आज नवऱ्याला बघायला म्हणूनही बसणार नव्हती. पण नवराच पडद्याच्या अलीकडे आला होता. फेटा सावरत, कुणाला तरी हाताने बोलावत. सुनांनी खुर्च्या ओढल्या. ती उभीच राहिली.

"जरा उलटं दिसतंय, वहिनी," गनीभाई ओशाळून म्हणाले.

"उलटं का व्हईना," ती म्हणाली. "आमच्या बाजूनी दिसलं तर."

मग पदराने डोळे पुसून तिने त्यांना सांगितलं, की अमृतला यातलं काही बोलू नका, आई मागे राहिली हे त्याला उगीच लागेल. गनीभाईंनी शब्द दिला.

पुढे हॉलमध्ये वेगळंच चाललं होतं. चित्र पांढरटलंय, माणसं आजारी दिसतायत, असं एक पाहुणा म्हणाला. अमृत हसून म्हणाला की हा तात्पुरता आहे, खरा यायचाय. परतताना राहुरीजवळ हारिसने गाडी हळू केली. मग म्हणाला, "अब्बा, वो मेरा गिऱ्हाईक है."

गनीभाईंना खूप सांगायचं होतं. पण बाईला शब्द दिला होता, आणि तो वगळून सांगण्यासारखं काही उरत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे त्यांच्या जिवाला थारा नव्हता. आहे तोच पडदा राहू दे, असं अमृत कळवेल, निदान त्याच्या आईकडून तसा निरोप येईल, या आशेवर ते रोज डब्याच्या निमित्ताने दुकानात जाऊन बसत. हारिसचा फोन वाजला की मान वळायची. एका हवालदाराची पँट त्यांनी दोनदा आखूड केली आणि वर त्यालाच दटावलं. निरोप आला नाही. पुण्याहून लांबलचक खोका तेवढा आला.

कुणी चल म्हटलं नव्हतं तरी ते गाडीत जाऊन बसले. अमृतच्या हॉलमध्ये हारिसने खोका फोडला, कमानीत नळी बसवली, आणि पडदा सुरसुरत खाली आला. अमृतने वडिलांचं तेच शूटिंग लावलं. गनीभाईंनी बघितलं आणि त्यांचा नाइलाज झाला. फेट्याचा रंग, मिशीतला एकेक केस, सगळं जिवंत. इतकी वर्षं पडदे शिवले, असं चित्र त्यांच्या एकाही कापडावर उठलं नव्हतं.

"कसा वाटतो, चाचा?" अमृतने विचारलं.

"चांगला हाय. खोटं कशाला बोलू."

अमृतला बरं वाटलं. आबांनीही सोफ्यावरून मान डोलावली. तुमचा पडदा जेवणाच्या टेबलावर ठेवलाय, चहा घ्या आणि मग न्या, असं अमृत म्हणाला. हारिसच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं, आणि ते बघून गनीभाईंनाही बरं वाटलं, हे नाकारता येत नाही.

पडद्याला वळसा घालून ते मागे गेले. तिथे त्यांचं कापड धुऊन, इस्त्री करून, चौघडी घालून ठेवलेलं होतं. जेवणाची खोली संध्याकाळच्या अंधुक उजेडात होती, आणि कमानीत वरपासून खालपर्यंत नुसतं काळं. त्या काळ्यासमोर छबूबाई खुर्ची ओढून बसली होती. पदर नीट घेतलेला, हात मांडीवर. स्पीकरमधून तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता. कुणाला तरी जेवून जायचा आग्रह चालला होता.

चाहूल लागली तशी ती वळली.

"भाऊ, आमच्याकडं आजून सुरू न्हाई झालं का?"

मघाशी पुढे उभं राहून आपण याच पडद्याला चांगला म्हणून आलो, याची गनीभाईंना लाज वाटली. चांगला तर तो होताच. यात आता करण्यासारखं काही नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "ह्यो एकाच बाजूचा हाय."

"व्हय का," ती म्हणाली. उठली मात्र नाही.

पुढून हारिसने हाक मारली. गनीभाईंनी दुसरी खुर्ची ओढली, कापड मांडीवर घेतलं आणि तिच्या शेजारी, काळ्याकडे तोंड करून बसले. आवाज संपेपर्यंत हारिसला आणखी दोनदा हाक मारावी लागली.