होबर्टच्या बेड्या

डेन्व्हर स्टिडहॅमला जिवंत धरायचा माझा अजिबात विचार नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला चांगुलपणाचं प्रमाणपत्र द्यायला नको.

मी फेडरल मार्शलच्या हाताखालची ऑफिसर. जामीन बुडवून किंवा तुरुंग फोडून पळालेली माणसं शोधून आणायची, एवढंच आमचं काम. सिनेमात दाखवतात तसं त्यात काही नसतं. निम्मा जन्म गाडीत बसून कुणाच्या तरी आईच्या घराकडे बघण्यात जातो. पळालेला माणूस नाव बदलतो, केस रंगवतो, राज्य सोडून जातो, पण आईला फोन केल्यावाचून त्याला राहवत नाही. पूर्व केंटकीच्या डोंगरातल्या माणसाला तर नाहीच नाही. मी तिथलीच आहे. प्रॅटरांची नेवा म्हटलं की त्या खोऱ्यात माझी आजीसुद्धा लोकांना आठवते.

मला हे काम होबर्ट नेपियरने शिकवलं. शिकारी कुत्र्यासारखा चिवट माणूस, पण एक खोड होती त्याला. धरलेल्या माणसाला तो मान द्यायचा. बेड्या घालण्याआधी बूट चढवू द्यायचा, बायकोशी दोन शब्द बोलू द्यायचा. मी कुरकुर केली की म्हणायचा, "नेवा, उद्या याच्या भावाला शोधायला याच दारात यायचंय आपल्याला. दार उघडं राहिलं पाहिजे."

दोन हिवाळ्यांमागे आम्ही डेन्व्हरच्या आईच्या दारात उभे होतो. डेन्व्हर निमूट बाहेर आला, हात वर केले आणि म्हणाला, "आईला सांगून येऊ का?"

"जा," होबर्ट म्हणाला.

डेन्व्हर स्वयंपाकघरात गेला आणि दाराआडून बंदूक झाडून मागच्या वाटेने डोंगरात पसार झाला. होबर्ट पायरीवर पडला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो काहीतरी सांगू पाहत होता. काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्यात एक रीत आहे. आपला माणूस मारला गेला, तर मारणाऱ्याला त्या मेलेल्याच्याच बेड्या घालतात. होबर्टच्या बायकोने, ज्युएलने, त्या बेड्या घासूनपुसून माझ्या हातात ठेवल्या. "याच घाल त्याला," ती म्हणाली. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, गोळी घातलेल्यालाही आम्ही बेड्या घालतोच, तसा नियमच आहे.

मे महिन्याच्या शेवटी, डेन्व्हर कुठे आणि कधी सापडेल ते सांगायला, मी आमच्या साहेबांकडे गेले.

"तू येणार नाहीस," ओकासिओसाहेब म्हणाले. "तू डूख धरून बसलीयेस त्याच्यावर."

"बसलेच आहे," मी म्हटलं. "पण मग पाठवणार कोणाला? त्या शिकागोच्या हिरोला? त्याने तिथे तोंड उघडलं की कावळेसुद्धा ओळखतील परका आहे म्हणून."

साहेब पोर्टो रिकोचे. त्यांना आमचे डोंगर कधी कळले नाहीत, पण आपल्याला कळत नाही हे त्यांना कळत होतं. त्यामुळे माणूस बरा.

"ह्या सजावटीच्या रविवारी तो दफनस्थानात येईलच कशावरून?"

"त्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या कबरी फुलांनी सजवतं आणि तिथेच जेवतं. त्याची पोरगी तिथे पुरलीय, साहेब. टॅन्सी. चार वर्षांची होती, पुरात गेली."

साहेबांनी हातातली पेन्सिल टेबलावर टाकली. "तू फक्त बसून राहायचं. दिसला की रेडिओवर सांगायचं. धरायचं काम आमच्या माणसांचं."

"होय साहेब," मी इतक्या सोज्वळपणे म्हटलं की माझं मलाच हसू आलं.

रविवारी सकाळी आमची माणसं खालच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडीत दबून बसली. मी मात्र बटाट्याच्या कोशिंबिरीचं भांडं घेऊन उघडपणे टेकडी चढले. स्टिडहॅमांचं दफनस्थान वरच्या सपाटीवर आहे. ओकच्या झाडांखाली लांब टेबलं मांडली होती. मला बघताच बोलणी थांबली.

डेन्व्हरची आई ओमा हातातली मक्याच्या पावाची परात खाली ठेवून पुढे आली. "प्रॅटरांची ना तू?"

"हो, ओमामावशी. कशाला आलेय ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आजच्या दिवशी टेकडी चढून आलेल्याला आम्ही उपाशी पाठवत नाही. बस."

डेन्व्हरचा एक चुलता टेबलाच्या टोकावरून म्हणाला, "पिस्तूल कुठे लपवलंयस गं, कोशिंबिरीत?"

"कोशिंबिरीत नुसती मोहरी आहे, काका. पण तुम्ही जपून खा, झोंबेल."

दोघीतिघी हसल्या आणि पुन्हा भांडी वाजू लागली. मी बसले. पाद्र्याने प्रार्थना म्हटली, कोणी तरी जुनं भजन धरलं. मी शर्टाखालचं चिलखत घामाने भिजवत कबरी बघत होते. पणजोबांपासून परवा गेलेल्या मावशीपर्यंत एकेका कबरीवर फुलं होती. खाणीत गेलेल्या, नाव पुसट झालेल्या परक्या मजुराच्या कबरीवरसुद्धा ओमाने जुडी ठेवली होती.

टॅन्सीच्या कबरीवर काही नव्हतं.

माती नीट सारखी केलेली, गवत उपटलेलं, पण फूल एकही नाही. परक्या मजुराला न विसरणारी बाई नातीला विसरेल? ती जागा राखून ठेवली होती. फुलं आणणारा अजून यायचा होता. आणि ओमा जेवण वाढता वाढता एकदाही रस्त्याकडे बघत नव्हती. तिची नजर सारखी वर, झऱ्याच्या वाटेकडे जात होती.

"पाणी पिऊन येते," मी म्हटलं.

ओमाच्या हातातला डाव थांबला. आमची माणसं सगळी खाली होती. मी रेडिओवर एक शब्द बोलले असते तर ती धावत वर आली असती. झाडीत शिरल्यावर मी रेडिओचं बटण बंद केलं. का बंद केलं ते मला पक्कं ठाऊक होतं. मला साक्षीदार नको होता.

झऱ्याच्या कठड्यापाशी तो पाठमोरा बसला होता. खूप वाळला होता. कमरेला पिस्तूल होतं आणि दोन्ही हातांत फुलं. खरी नव्हेत, कागदाची, मेणात बुडवलेली. आमच्या आज्या करायच्या तशी. हल्ली कोणी करत नाही, त्याला फार वेळ लागतो. लपलेल्या माणसाकडे वेळच वेळ.

"डेन्व्हर," मी हाक मारली. पिस्तूल त्याच्या पाठीवर रोखलेलं होतं. "काढ ना. कमरेचं काढ, रोख माझ्यावर."

तो सावकाश वळला. मला ओळखलं. "तू तेव्हा पायरीवर होतीस."

"काढ म्हणते ना."

"नाही काढत," तो म्हणाला. "तूच घे. मला फक्त ही फुलं ठेवू दे तिच्यापाशी. मग तिथेच घाल गोळी. मी हलणार नाही. आईची शपथ."

माझं बोट चापावर होतं. इतके महिने रोज झोपण्याआधी मी हाच क्षण डोळ्यांपुढे आणत होते आणि दर वेळी त्यात तो गयावया करायचा किंवा बंदुकीला हात घालायचा. तो असा आनंदाने मरायला तयार होईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं, गोळी घातली तर मी त्याची सुटका करीन. पोरीशेजारी निजायलाच तर आला होता तो.

आणि ते "येऊ का" मला पुन्हा ऐकू आलं. आईला सांगून येऊ का.

"फुलं खाली टाक," मी म्हटलं.

"नेवाबाई, इथून दिसतेय कबर."

"टाक."

त्याने टाकली नाहीत, हळूच कठड्यावर ठेवली. मी त्याचं पिस्तूल काढून घेतलं आणि होबर्टच्या बेड्या त्याला घातल्या, होतील तितक्या घट्ट. मग रेडिओ चालू केला.

पाठीमागच्या पायवाटेने त्याला गाडीपर्यंत नेता आलं असतं. पण मी त्याला सपाटीवरून नेलं, त्याच्या सगळ्या गोतावळ्यासमोरून, वाढलेल्या पानांसमोरून. तिथे आजवर कुठल्या शेरीफनेही सजावटीच्या रविवारी कोणाला हात लावला नव्हता. टॅन्सीच्या कबरीपाशी त्याचे पाय थांबले. मी त्याला ढकललं. पुन्हा थांबले, पुन्हा ढकललं.

ओमा वाटेत उभी होती. "होबर्ट नेपियरने थांबू दिलं असतं," ती म्हणाली.

"म्हणूनच तो तुमच्या पायरीवर मेला, मावशी."

तिने मान खाली घातली. मग ती वाटेतून बाजूला झाली.

खाली गाडीत डेन्व्हरला जाळीमागे बसवलं. ओकासिओसाहेब स्टिअरिंगवर बसले. माझा रेडिओ बंद का होता हे त्यांनी विचारलं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. गाडी निघणार तेवढ्यात ओमा टेकडी उतरून आली. हातात झाकलेली थाळी. ती तिने खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.

"उपाशी पाठवत नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्याची फुलं कुठे आहेत?"

"झऱ्यापाशी."

ती वळली आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकत पुन्हा टेकडी चढू लागली.

थाळीत कोंबडीचा रस्सा होता, त्यात शिजवलेले पिठाचे गोळे, घेवडा आणि मक्याचा पाव. गाडीभर वास पसरला.

"आईच्या हातचं आहे," डेन्व्हर मागून म्हणाला. त्याने मागितलं नाही, नुसतं म्हणाला.

होबर्ट असता तर अर्धी थाळी मागे गेली असती. मी चमचा उचलला आणि खायला सुरुवात केली.

"आत्ताच खायला हवंय का?" साहेबांनी विचारलं.

"भूक लागलीय," मी म्हटलं. भूक मुळीच नव्हती. चव अप्रतिम होती, हे खोटं कशाला बोलू. घाटाच्या वळणावळणांवर मी एकेक घास सावकाश चावून खाल्ला आणि उरलेला रस्सा पावाने पुसून घेतला. जाळीमागे तो रडायला लागला, तेव्हा साहेबांनी हात लांब करून गाडीच्या रेडिओवर गाणं लावलं. मी ते बंद केलं. मला ऐकायचं होतं.