बटणातली पाचर

आमचे हे छापखान्यात कागद कापायचे. त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नको. पण तिथे सगळेच एक बटण पाचर ठोकून दाबलेलं ठेवायचे आणि मोकळ्या हाताने कागदाची थप्पी सारखी करायचे. काम झपाझप उरकायचं. एक दिवस त्या पात्याखाली यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

मालक म्हणाला, "पाचर त्यानेच लावली, त्याला मी काय करू?" खालच्या कोर्टानेही तेच उचलून धरलं. निकालात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तो शब्द यांनी असा मनाला लावून घेतला की विचारू नका. हात खिशातून बाहेर काढेनात. कोणी चौकशीला आलं की आपणच सांगायचे, "माझीच चूक." मला अस्सा राग यायचा! "अहो, सगळेच लावायचे ना?" म्हटलं, तर म्हणायचे, "बोटं माझीच गेली ना?" कपाळ माझं!

मी हट्टाने हायकोर्टात जायला लावलं. आमच्या वकीलबाईंनी मालकाची जुनी साक्ष वाचून दाखवली. खालच्या कोर्टात गडी ऐटीत बोलून गेला होता, "बाकीचे छापखाने बटणात कागदाच्या घड्या खुपसतात. मी सुताराकडून लाकडी पाचर करून घेतलीय. आमच्याकडे कागद वाया जात नाही." स्वतःच्या टापटिपीचं केवढं कौतुक! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता मेल्याने.

न्यायाधीशांनी निकाल दिला, पाचर मालकानेच पुरवली, तर ती वापरल्याचा दोष कामगाराला देता येणार नाही. जबाबदारी मालकाची.

मला वाटलं, आता तरी हे हसतील. हे आपले तडक चालायला लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आधी छापखान्यात जाऊ."

मशीनवर नवा माणूस होता आणि बटणात तीच पाचर. यांनी आधी मशीन बंद केलं. मग खिशातून डावा हात काढला, चारचौघांत पहिल्यांदाच, आणि उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत धरून पाचर उपटली.

"ओ दादा, काम खोळंबेल!" तो माणूस ओरडला.

"खोळंबू दे," हे म्हणाले आणि हात त्याच्यासमोर धरला.

मग माझ्याकडे वळले. "चूक माझी नव्हती गं."

"तेच तर कधीची सांगतेय!" मी खेकसले, आणि तिथेच मला रडू फुटलं.