कच्च्या रंगाचा रुमाल

मी एक जुना लाल रुमाल आहे. मित्रांनो, हसू नका! देशोदेशी गाड्यांचे कारखाने असलेले यिंग झोंगहाय मालक मला पाहून उठून उभे राहतात.

आमच्या चीनमधल्या ताइचौ शहरात नवी गाडी आली की तिला लाल कापड बांधतात. मालकांची पहिली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ठोकून ठोकून तयार झाली, तेव्हा त्यांच्या आईने बाजारातून मला स्वस्तात आणून टपावर बांधलं. फटाके वाजले, आई ऐटीत आत बसली आणि समुद्रावरून पाऊस आला. माझा रंग टपाच्या फटीतून थेट तिच्या पांढऱ्या केसांवर!

गाडी ठोकणारे लोऊ मिस्त्री माझ्यावरच उखडले. "मेला रुमालच हलका! गाडीचा काय दोष?"

"रंग त्याने सोडला रे, पण पाण्याला वाट कुणी दिली?" आई डोकं पुसत म्हणाली. "गिऱ्हाइकाला गाडीबरोबर छत्री देणार का?"

गिऱ्हाइकं दारात उभी होती. फ्रिजचा चालता धंदा मोडून मालकांनी सगळं या गाडीत घातलं होतं. तरी त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं आणि टप उखडला.

तेव्हापासून प्रत्येक नवी गाडी आधी माझ्याखाली भिजायची. थेंबभर ओल डोळ्याला दिसत नाही, माझा रंग दिसतो. दर नववर्षाला आई मला कच्च्या रंगात बुडवायची. म्हणायची, "पक्का दिला तर हा खोटं बोलायला शिकेल."

काय सांगू तुम्हाला! शेडचा कारखाना झाला, एकाचे अकरा झाले, परदेशातली शंभर वर्षांची नामांकित कंपनीसुद्धा आमच्यात आली. मला छाती नाही, पण भरून यायची.

मग आई गेली. कारखान्यातल्या कुणा हौशी साहेबाने मला पक्क्या रंगात रंगवून काचेच्या पेटीत ठेवलं. थाट मोठा, पण मला फार एकटं वाटायचं.

गेल्या वसंतात नव्या गाडीचा समारंभ होता. दहा देशांचे पाहुणे आले होते. मला पेटीतून काढून टपावर बांधलं आणि पाणी सोडलं. आतली गादी पांढरीशुभ्र! टाळ्या पडल्या. मालकांनी मला पिळलं आणि स्वतःचा तळहात पाहिला. तो स्वच्छ होता.

"याला गप्प कुणी केलं?" ते गरजले.

लगेच कच्च्या रंगाचं घमेलं आणवून मला त्यात बुडवलं. पाहुणे ताटकळले. पुन्हा पाणी सोडलं, तेव्हा गादीच्या कडेला मोहरीएवढा लाल ठिपका उमटला.

तोच हौशी साहेब पुटपुटला, "एवढुसा तर आहे, मालक."

"आईच्या केसांवर पहिला एवढाच पडला होता," मालक म्हणाले आणि समारंभ थांबवला.

मित्रांनो, मला जपायचंच असेल तर पेटीत ठेवू नका. भिजवा, पिळा, हात लाल होऊ द्या. फक्त माझा रंग कच्चा राहू द्या.