पाचशे मीटर

जुन्नरकडच्या आणे पठारावर सयाजीच्या वाडीला एकच धड विहीर होती, आणि ती सयाजीच्याच बापानं गावाला दिलेल्या जागेत होती. बहात्तरच्या दुष्काळात म्हाताऱ्यानं रानाचा ऐन मधला तुकडा देऊन टाकला आणि अट एकच घातली: मराठ्यांच्या आळीपासून बौद्ध वस्तीपर्यंत सगळ्यांनी एकाच काठावरून पाणी शेंदायचं. त्या काळी अशी अट घालायला छाती लागत होती. गावानं ती पाळली आणि आपल्याकडून एक रीतही पाडली. सकाळी विहिरीवर कितीही गर्दी असो, पहिला हंडा देणाऱ्याच्या घरचा. सयाजीची बायको साळुबाई येईपर्यंत कुणी पोहरा खाली सोडत नसे.

या मानाचं सयाजीला अप्रूप होतं. पण नुसत्या मानावर झाडं जगत नाहीत.

विहिरीच्या खालच्या अंगाला साळुबाईच्या लिंबोण्या होत्या. तिला मूल झालं नाही. देवधर्म झाला, डॉक्टर झाले, आणि एका साली ती माहेराहून, लोणीहून, परतली ती लिंबोणीची रोपं घेऊनच. त्यानंतर घरात मुलाचा विषय पुन्हा निघाला नाही. तिनं डोक्यावरून पाणी वाहून रोपं वाढवली. लिंबू तोडताना कुणी फांदी जोरात ओढली की ती तिथल्या तिथं त्याची हजेरी घ्यायची. या घरात धन्यापेक्षा लिंबोण्यांची बडदास्त जास्त, असं सयाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

मग लागोपाठ पावसानं तोंड फिरवलं. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात लिंबोण्यांची पानं गळायला लागली आणि सयाजीनं बोर घ्यायचं ठरवलं. ग्रामसेवकानं त्याला कायदा समजावून सांगितला. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर नाही, नवी बोर नाही. सयाजीचं सगळं रान त्या पाचशे मीटरच्या आत बसत होतं. बापानं कडेचा तुकडा दिला असता तर थोडंफार रान तरी सुटलं असतं. पण म्हाताऱ्याला देताना हात आखडायची सवय नव्हती.

कायदा काही वेडगळ नव्हता. आधी माणसांच्या घशाला पाणी, मग झाडांना, हे सयाजीला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते जास्त झोंबत होतं. कारण ओढ्याच्या पलीकडं, हद्दीच्या जेमतेम बाहेर, भिमाजीनं बोरी मारून डाळिंबाची बाग उभी केली होती आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं. ज्यानं गावाला वीतभर जागा दिली नाही तो मोकळा, आणि ज्यानं दिली त्याचे हात बांधलेले. सयाजीला हे काही केल्या पचेना.

शेवटी त्यानं बोर मारलीच. तामिळनाडूकडची बोरची गाडी पठारावर फिरत होती, ती त्यानं भर दिवसा रानात आणली. चोरीच करायची तर तोंड कशाला लपवायचं, हा त्याचा खाक्या. आधी नुसता पांढरा धुरळा उडाला, मग पाणी उसळलं. साळुबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि हे असं चालतं का, म्हणून एकदाच विचारलं. आपल्या रानातलं आपलं पाणी, त्याला कुणाची परवानगी, असं सयाजीनं उत्तर दिलं. लिंबोण्यांना कोवळी पालवी फुटली. साळुबाई भांडी अर्धी टाकून ती बघायला जायची.

पुढच्या काही आठवड्यांत विहीर झपाट्यानं खाली गेली. गाव सयाजीच्या तोंडावर काही बोललं नाही. फक्त सोमनाथ आला. तो बौद्ध वस्तीतला, पंचायतीचा सदस्य आणि सयाजीचा शाळेपासूनचा सोबती.

“बोर बंद कर,” तो म्हणाला. “नायतर मला तहसीलला अर्ज द्यावा लागंल.”

“माझ्या बापानं दिलेली विहीर, अन् मलाच कायदा?”

“तुझ्या बापानं दिली म्हणून तर आधी तुझ्या दारात आलो. दुसरा असता तर कवाच अर्ज गेला असता.”

“अन् भिमाजी?”

“त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई. तो लाइनीच्या भाईर हाय.”

सयाजीनं त्याला चहाचंही विचारलं नाही.

विहिरीचा तळ उघडा पडला तशा बाया आत उतरून पाझराचं पाणी वाटीनं भरू लागल्या. साळुबाईच्या दारात बोरचं पाणी होतं, तरी ती हंडा घेऊन विहिरीवर जायचीच. न जाणं म्हणजे आपणच आपल्यावर बोट ठेवणं, असं तिला वाटायचं. एका सकाळी सोमनाथची बायको द्रौपदा तळाला उतरली होती. तिनं वाटी वाटी करून हंडा भरला, वरच्या बायांनी तो ओढून घेतला आणि साळुबाईपुढं ठेवला. कुणी टोमणा मारला नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती नको नको म्हणत मागं सरली, तेव्हा द्रौपदा खालूनच म्हणाली, “न्या वैनी. तुमी नेल्याबिगर आमाला भरता येत न्हाई.”

साळुबाईनं तो गढूळ हंडा आणून जेवत असलेल्या सयाजीपुढं ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

“मग लिंबोण्या?” त्यानं विचारलं.

“मला इचारू नका,” ती म्हणाली. “मला इचारलं तर मी बोर चालू ठिवा म्हणंल. म्हणून इचारू नका.”

दुसऱ्या दिवशी सयाजी जुन्नरला गेला आणि तहसीलदार कचेरीत त्यानं आपल्याच बोरची तक्रार दिली. कारकुनाला आधी ते समजेचना, कारण लोक यायचे ते दुसऱ्याची तक्रार घेऊन. नुसती मोटर बंद ठेवूनही भागलं असतं. पण एखाद्या दुपारी आपलाच हात बटणावर जाईल, हे सयाजी ओळखून होता. कचेरीची माणसं आली, त्यांनी वीज तोडली, बोरच्या तोंडावर लोखंडी झाकण ठोकलं. साळुबाई त्या वेळी घराबाहेर आली नाही.

लिंबोण्या एकदम गेल्या नाहीत. साळुबाई खरकटं पाणी, अंघोळीचं पाणी नेऊन घालत राहिली, पण त्यानं कुणाकुणाची तहान भागणार? पाहता पाहता सगळ्या वाळल्या. सयाजीनं त्या तोडल्या तेव्हा ती माजघरात बसून कुऱ्हाडीचा आवाज ऐकत होती. आणि विहिरीला पाणी मात्र आलं नाही. वाडी टँकरवर जगू लागली.

सोमनाथनं खेटे घालून घालून जमिनीखालच्या पाण्याची तपासणी करणारा साहेब आणला, तोवर आषाढही कोरडा गेला होता. साहेब मनानं चांगला होता. त्यानं सयाजीच्या बोरचं झाकण काढायला लावलं, भिमाजीच्या मोटरी चालवून बघितल्या, दोन दिवस विहिरीत आणि बोरमध्ये दोर सोडून पाणी मोजलं. मग सयाजीला आणि सोमनाथला बाजूला घेऊन सांगितलं. सयाजीची बोर आणि विहीर यांच्यामध्ये जमिनीखाली काळ्या दगडाची उभी भिंत होती. विहिरीचा थेंबही सयाजीच्या बोरकडं जात नव्हता. सगळं पाणी भिमाजीच्या बोरींकडं ओढलं जात होतं, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात भिमाजीनं मोटरी रात्रंदिवस चालवल्या होत्या. त्या बंद करायची शिफारस साहेब करणार होता. सयाजीची बोर अंतराच्या नियमात अडकत होती खरी, पण अर्ज केला तर खास बाब म्हणून विचार होईल, असं तो म्हणाला. काय बागायत आहे, असंही त्यानं विचारलं.

“काय न्हाई आता,” सयाजी म्हणाला.

साहेबाची जीप गेल्यावर सोमनाथनं सयाजीचा दंड धरला. सयाजीला त्याचा राग आला नाही. विहीर आटलेली असताना सोमनाथनं दुसरं करायला तरी काय हवं होतं?

“एक कर,” सयाजी म्हणाला. “माझ्या घरी ह्यातलं काय कळू देऊ नको. भिमाजीचं काय व्हायचं ते व्हऊ दे.”

साळुबाई भाकऱ्या थापत होती. साहेब काय म्हणाला, हे तिनं तव्यावरची नजर न काढता विचारलं. सयाजी पायरीवर टेकला.

“आपल्या बोरीनंबी इहिरीचं पाणी तोडलं व्हतं म्हणाला. आपली अन् भिमाजीची, दोनी मिळून. बंद केली ती बेस केली म्हणाला.”

साळुबाईनं भाकरी उलटली. ती म्हणाली, “मंग आपल्या लिंबोण्या वाया न्हाई गेल्या.”

“न्हाई,” सयाजी म्हणाला.

त्या दुपारी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. सयाजीनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात टाकली आणि भूक नाही म्हणून तो उठला.