जहाजाच्या पोटातलं स्थळ

माझा सिद्धू जहाजावर कामाला हाय, ह्याला आमच्या मेहकरात कुणी खोटं म्हणत न्हाई. पर पोरगी बघायला गेलाव मादन हिप्परग्याला, अन् तिचा बाप मल्लेशअण्णा पडला संशयी. त्यांच्या भावकीनं दुबईचा म्हणून जावई केला, तो हैदराबादेत सापडला. तवापसनं ह्या माणसाचा कुणावर इस्वास न्हाई.

"रेणुकाबाई, फोन लावा. पोराला जहाजावर बघू, मगच पुढचं बोलू."

लावला. सिद्धूचं काम तळाला, इंजिनापाशी. पोरगं घामानं निथळायलेलं, मागं जिकडं तिकडं नळ्या अन् धडधड.

अण्णा चष्मा सारखा करत म्हणले, "हे तर साखर कारखान्याचं बॉयलर! मी दोन सीझन काढलेत तिथं. मला नका सांगू."

माझं डोस्कंच फिरलं. पर पोरगी, प्रतीक्षा, मला लई आवडली होती. डोळ्यात डोळा घालून बोलायची. असली सून हातची जाऊ द्यायची व्हय?

"सिद्धू, वर जाऊन समुद्र दाव!" मी वरडले.

"माय, ड्यूटी चालू हाय!"

"लग्न करायचंय का न्हाई?"

पळालं बिचारं. शिड्या चढून चढून दम लागला त्याला. वर जाऊन फोन फिरवला, तर पाणी गपगार. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं. लाट म्हणून न्हाई.

"कारंजा डॅम," अण्णा म्हणले.

"अवं, डॅमात जहाज कुठनं येईल?"

"जहाज कुठं दिसायलंय? नुस्ता कठडा दिसायलाय."

तेवढ्यात मागनं कुण्या साहेबानं सिद्धूला इंग्रजीत झापलं, अन् फोन बंद. माझ्यापाई पोराला बोलणी बसली! मी पदर खोचून उठले. "ऱ्हाऊ द्या, अण्णा. निघतो आम्ही." तोंडानं म्हणले खरं, पर रडूच कोसळलं मला.

प्रतीक्षा चुरमुऱ्याच्या सुशल्याच्या ताटल्या उचलायली होती. तिनं त्या बापाम्होरं खाली आदळल्या.

"बसा, मावशी. अप्पा, कामून रडवायलाव त्यांना? तुम्ही नळ्या बघितल्या, पाणी बघितलं. ज्याच्यासंगं मला ऱ्हायचंय, त्याचं तोंड कुणी बघितलं का?"

अण्णा चष्मा काढून पुसाय लागले.

"मला बी न्हाई दिसलं. सगळं ग्रीस फासलेलं." तिनं माझ्या फोनात तिचा नंबर घातला. "ड्यूटी सुटली की तोंड धुऊन फोन करा म्हणा. अन् मागं नुस्ती भिंत असू द्या म्हणावं."