सटवाजीची वेठ

"शेतात पळतो अन् गावात लंगडतो! असला कसला रोग रे हा?" असे म्हणत तातेरावाने भाद्रपदातल्या एका सकाळी, चावडीपुढे चार मंडळी बसलेली असताना, सटवाजीच्या काठीला पायाने ढोसले. सटवाजी मागच्या ओट्यावर आदळला. परंतु दोन्ही काठ्या त्याने हातातून सुटू दिल्या नाहीत.

आमचे गाव पुसेगावच्या अंगाला. अंमल निजामाचा. दौऱ्यावरचा अंमलदार आला की त्याचे सामानसुमान पुढच्या गावी पोचवण्याकरिता दर घरामागे एका माणसाने पाळीपाळीने वेठीला जावे, अशी वहिवाट होती. सटवाजीचे पाय गेल्यापासून पाटलांनी त्याला मोकळीक दिली. तथापि त्याची पाळी शेजारच्या घरावर, म्हणजे त्याचा चुलतभाऊ तातेराव याच्यावर येऊन पडली. त्या दिवसापासून तातेरावाचे डोळे सटवाजीच्या पायांवरून हटले नाहीत.

आजाराचे म्हणाल तर, पाऊस हुकल्या साली सटवाजीच्या घरी सगळा उन्हाळा लाखेच्या, म्हणजे दुष्काळातही तगणाऱ्या त्या कडधान्याच्या, डाळीवर काढला गेला. पुढे त्याच्या पिंढऱ्या ताठल्या, टाचा भुईला टेकेनाशा झाल्या आणि चालताना गुडघ्यावर गुडघा घासू लागला. हिंगोलीच्या वैद्याने दोष डाळीला दिला. तेव्हा सटवाजीने बाभळीच्या दोन काठ्या तासल्या आणि लोहाराकडून त्यांच्या बुडाशी बैल हाकायच्या पराणीला असतात तशा टोकदार लोखंडी आरा बसवून घेतल्या.

"लाखेची डाळ आमीबी खाल्ली," तातेराव मंडळींकडे वळून म्हणाला. "आमचे पाय काहून न्हाई गेले? अन् याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन पाहा. याच्या काठ्यांची भोकं ढांगेढांगेवर पडलीत. लंगडा मानूस अशा ढांगा टाकतो व्हय?"

"दादा, धुऱ्यावर माती हाय, हराळी हाय. आर रुतते, मंग मला आधार भेटतो," सटवाजी म्हणाला. "इथं दगडावर ती घसरते."

"म्हंजी तुझ्या पायाला कळतं, हा धुरा अन् ही चावडी! लई शहाने पाय हायेत बाप्पा!"

सर्व हसले. माणिकराव पाटील मात्र हसले नाहीत. गावात आपल्याला फसवत नाही असा मनुष्य नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. ते म्हणाले, "उद्या धुऱ्यावर समद्यांसमोर चालून दाखव. बराबर चाललास, तर परवा साहेबाची वळकटी तुझ्या पाठीवर. अन् फुडंबी तुझी पाळी तुलाच."

दुसऱ्या दिवशी शेताकडे जाताना मी सटवाजीसोबत होतो. त्याची बायको मंजुळाबाई काकुळतीला आली होती.

"अवो, तुमी पडा तिथं."

"काहून पडू?"

"पडलात म्हंजी सुटलात. वेठीला जाऊन मरायचंय का? संतरामभाऊ, तुमी तरी सांगा यांना!"

मी काय सांगणार? माझ्याही मनात किल्मिष होतेच. धुऱ्यावरची ती भोके मी स्वतः पाहिली होती.

सटवाजी थांबला. "मंजुळे, पडू नये म्हून मी रोज इथं येऊन धडपडून राहिलो. आता लोकं पाहायला आले, तर मुद्दाम पडू?"

"लोकांसाठी नका पडू. लेकरांसाठी पडा."

सटवाजीने काठ्या उचलल्या आणि तो पुढे निघाला.

धुऱ्याच्या पलीकडच्या टोकाला पाटील, तातेराव आणि मंडळी उभी होती. रात्रीच्या सरीने काळी माती मऊ झाली होती. सटवाजीने दोन्ही काठ्या पुढे रोवल्या, अंग त्यांवर टाकले आणि पाय मागून ओढले. डावा पाय उजव्याला वळसा घालून पुढे येई, मग उजवा डाव्याला. चाल वाकडी, परंतु अडखळ म्हणून नाही. धुरा संपला तेव्हा त्याचे तोंड घामाने निथळत होते, आणि त्यावर हसू होते. ते हसूच त्याला भोवले.

"झालं," पाटील म्हणाले. "वळकटी याला बांधा."

मंजुळाबाई धुऱ्यावरून तशीच घराकडे वळली.

दौऱ्याच्या दिवशी साहेब घोड्यावरून पुढे गेला. मागे त्या दिवसाची पाळी असलेले आम्ही तिघे: तातेरावाच्या डोक्यावर पेटी, माझ्याकडे भांडी, आणि सटवाजीच्या पाठीवर वळकटी. हाकायला एक शिपाई. काळ्या रानातून वाट होती तोवर सटवाजी आमच्या बरोबरीने आला. तातेराव वळून वळून पाही आणि मला म्हणे, "पाहून राहिला ना संतराम? पाहून ठेव."

मग माळ लागला. वर नुसता खडक, तोही पावसाने ओला. पहिल्याच आरेने खडकावर चर्र आवाज केला, काठी सटकली आणि सटवाजी वळकटीसकट तोंडावर पडला. उठला, पुन्हा पडला. शिपायाने दोन शिव्या हासडल्या आणि साहेब रागावेल म्हणून तो पुढे पळाला.

तातेरावाने पेटी उतरवली, दगडावर बैठक मारली आणि शांतपणे चिलीम भरली.

"गेला शिपाई. पाटीलबी न्हाई. आपुन तिघंच. आता ऊठ."

"मलाबी तेच वाटतं दादा," सटवाजी खडकावर गाल टेकून म्हणाला, "का कोनी न्हाई, तर उठावं."

तातेरावाने चिलीम खाली ठेवली. तो जवळ गेला आणि कपट सापडावे तशी त्याने सटवाजीची पिंढरी चाचपली. ती लाकडासारखी टणक होती. त्याने तळवा धरून वर दाबला, तोच पाय थडथड उडू लागला.

"थांबव ते."

"मी न्हाई करून राहिलो. ते आपलं आपुनच होतं."

तातेरावाने दोन्ही हातांनी पाय आवळून धरला. पाय त्याच्या मुठीत उडतच राहिला. त्याने सटवाजीच्या तोंडाकडे पाहिले, पुन्हा पायाकडे पाहिले, आणि चटका बसावा तसे हात सोडले. नंतर त्याने वळकटी सोडून स्वतःच्या पाठीला बांधली, पेटी डोक्यावर घेतली आणि तो चालू लागला.

सामान पोचवून परतलो तेव्हा ऊन कलले होते. सटवाजी सरपटत माळाच्या कडेला, मऊ मातीपर्यंत आला होता. कोपरे सोलली होती. तिथून तो काठ्या रोवत आमच्यासोबत आला.

चावडीत पाटील वाटच पाहत होते. "काय तातेराव, चालला का तुझा भाऊ?"

"न्हाई चालला. त्याची पाळी माझ्याकडंच राहू द्या."

"म्हंजी पटलं म्हन तुला!"

"पटलं कुठं?" तातेराव उखडला. "माळावर चालत न्हाई, येवढं पाहिलं. धुऱ्यावर कसा चालतो, ते मला अजून समजलं न्हाई."

सटवाजीने काठ्या सावरल्या आणि तो शेताच्या मऊ वाटेने घरी निघाला. तातेरावाला गल्लीतून घर जवळ होते. तरीसुद्धा तोही शेताच्या वाटेला लागला, आणि सटवाजीच्या पायांवरची नजर न काढता, चार हात अंतर ठेवून त्याच्या मागे चालू लागला.