तिरपी साखळी

वावराच्या चार कोपऱ्यांवर चार दगड, बांधावर एक बोर, बोरीखाली दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये तेहेतीस फुटांची एक लोखंडी साखळी. एवढं डोळ्यांनी मोजून सोजरबाईनं पदर कमरेला खोचला.

"हे वावर किती, ते दोघंबी सांगा. ज्याचं मले पटन, तो माह्या कस्तुरेले गणित शिकवन."

सन सदतीसचा माघ. रिठदच्या शाळेत चौथीपुढं वर्ग नव्हता, आणि अकरा वर्षांची कस्तुरा चौथी पास होऊन घरी बसली होती. वाशीमच्या नानाजी मास्तरांना सोजरबाईच्या दिरानं, रामरावांनी आणलं होतं. मास्तरांच्या हाताखालची मुलं पावकी-दिडकीचे पाढे झोपेतही म्हणत. हरिसिंगला तिनं स्वतः बोलावलं होतं. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, बारा वर्षं सरकारी मोजणीत साखळी ओढलेला.

हरिसिंग आणि कस्तुरानं चारही बांधांवरून साखळी फिरवली. मास्तर सावलीतून हलले नाहीत.

"तेरा, पंधरा, तेरा, पंधरा," कस्तुरा ओरडली.

"एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो गुंठा," मास्तर म्हणाले. "पंधरा तेरं एकशे पंच्याण्णव. चाळीस गुंठ्यांचा एकर. चार एकर पस्तीस गुंठे. पाटीसुद्धा लागली नाही."

"वाटणीच्या दिवशी पंचायनं हेच सांगतलं," रामराव म्हणाले. "माहे बांध तेरा-पंधरा, वैनीचेबी तेरा-पंधरा. दोन्ही वावरं सारखे."

"मंग भाऊजी, माह्या वावराले चार पायल्या बी पुरते, अन् तुमच्याले साडेचार कायले लागते?"

मास्तर हसले. "पेरणाऱ्याचा हात कमीजास्त पडतो, बाई. बायकांनी भाकरी मोजाव्या, बी मोजू नये."

हरिसिंगनं साखळीची कडी एका कोपऱ्याच्या दगडावर कस्तुराच्या हाती दिली आणि तो धसकटांतून सरळ समोरच्या कोपऱ्याकडं निघाला.

"हा कुठी चालला?" रामरावांनी विचारलं.

"तिरपं मोजतो, पाटील."

"तिरपा तं इथं बांधच नाही!"

"म्हून तं कोनी मोजलं नाही."

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौदा साखळ्या भरल्या. मग त्या तिरप्या रेघेवरून त्यानं उरलेल्या दोन कोपऱ्यांकडं काटकोनात साखळी नेली. इकडं बारा, तिकडं बारा.

"पोरी, आता हे दोन तुकडे झाले. एकाएकाचं सांग. चौदाचं निम्मं कर, बारानं गुन."

कस्तुरा मातीत बोटानं लिहू लागली. "सात बारं चौऱ्याऐंशी. दोन तुकड्यांचे एकशे अडुसष्ट." ती थांबली. "चार एकर आठ गुंठे."

रामरावांनी मांडीवर थाप मारली.

"वैनी, हा साखळीवाला तं तुमचं वावर कमी करून राह्यला! अजून एक डाव मोजू द्या, बोरबी जाईन!"

मास्तरांनाही हसू आलं. सोजरबाई मातीतल्या आकड्यांकडं पाहत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण लेकीचं बोट कुठं थांबलं ते तिनं पाहिलं होतं.

"हरिसिंगभाऊ, उद्यापासून या. सकाळी."

रामरावांचं हसू गेलं. "तांड्यावरचा मानूस आपल्या ओट्यावर बसवान? गाव काय म्हनन?"

"गावानं चार बांध पाह्यले अन् वावर पाह्यलं नाही. म्हनन तं म्हनन." ती हरिसिंगकडं वळली. "ओट्यावर सतरंजी टाकून ठेवतो."

मास्तरांनी उपरणं झटकलं आणि गाडीची वाट धरली.

सोजरबाईनं खाली पडलेली कडी उचलली, बांध ओलांडला आणि रामरावांच्या वावराच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. दुसरं टोक घेऊन कस्तुरा पुढं निघाली.

"ए कस्तुरे! माह्या वावरात कायले?"

"तिरपं मोजाले, काका."

"वैनी, बाहेर या म्हनतो ना!"

सोजरबाईनं कडी दगडावर दाबून धरली. हरिसिंग बांधावरच बसून राहिला. फक्त एकदा म्हणाला, "साखळी ढिली पडू देऊ नको, पोरी."

साखळीचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. तिरपी रेघ वीस साखळ्यांना दोन आणे कमी भरली. तिथून दोन्ही कोपरे दहाला तीन-तीन आणे कमी. हा गुणाकार अवघड होता. रामराव डोक्यावर उभे असताना कस्तुरानं तो मातीत तीनदा केला आणि आईच्या चार एकर आठ गुंठ्यांशेजारी काकाच्या वावराचा आकडा मांडला.

चार एकर पस्तीस गुंठे.